तापणारी तार

लखनौ शहराच्या दक्षिणेस, कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरोजिनी नगर हा भाग आहे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझे वास्तव्य सध्या तेथे आहे. 'विक्रम' नावाच्या तीनचाकी गाड्या बनविणारा स्कूटर्स इंडियाचा कारखाना याच भागात होता. तो बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. परंतु अशा कारखान्यांत हात घडलेले कारागीर आजही आसपास भेटतात. त्यांपैकी एका वृद्ध मिस्त्रींकडून मिळालेला एक धडा मी आज आपणांस सांगणार आहे.

माझ्या एका शेजाऱ्यांना गळ टाकून मासे धरण्याचा नाद आहे. त्यांच्यापाशी एक लहानशी नाव असून तिला बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी मोटार बसविलेली आहे. गेल्या पावसाळ्यानंतर ते आठ वर्षांच्या नातवाला घेऊन तलावात गेले. नाव मध्यावर पोचली तोच मोटारीचा वेग मंदावला आणि रबर जळल्याचा वास आला. पाहतात तो बॅटरीजवळच्या तारेचे आवरण मऊ होऊन ओघळू लागलेले! त्यांनी मोटार बंद केली आणि एका वल्ह्याच्या आधाराने कसाबसा काठ गाठला. सभोवती पाणी असले तरी नावेत लागलेल्या आगीपासून पळून जायला जागा नसते, ही गोष्ट त्या दिवशी आम्हां सर्वांच्या मनात ठसली.

"फ्यूज शाबूत आहे, म्हणजे तारा ठीक असणार, मोटारच गेली," असा निष्कर्ष काढून त्यांनी नव्या मोटारीची चौकशी आरंभिली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हाच प्रकार. मिस्त्रींनी मात्र एकच प्रश्न विचारला : "भाईसाहब, सर्वांत जास्त तापले ते नेमके कोठे?"

या प्रश्नातच सारे शास्त्र आहे. तारेतून वीज वाहताना तिला जो रोध होतो, त्यातून उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. आता आपल्या स्वयंपाकघरातील पाचशे वॉटचा मिक्सर घ्या. त्याला २३० व्होल्टवर जेमतेम दोन अँपिअर प्रवाह लागतो. तितक्याच शक्तीच्या नावेच्या मोटारीला बारा व्होल्टवर चाळीस अँपिअर लागतात. म्हणूनच घरात निर्धोक असलेली तार नावेत धोक्याची ठरते.

शेजाऱ्यांनी नेमके हेच केले होते. बॅटरी नावेच्या दुसऱ्या टोकाला ठेवता यावी म्हणून त्यांनी मोटारीची मूळ तार घरगुती तारेने वाढविली होती आणि दोन्ही टोके पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. त्या सांध्यात पाणी शिरून तांब्यावर हिरवा कळंक चढला होता. मिस्त्रींनी नाव काठाला बांधली आणि पंखा पाण्यात ठेवून मोटार क्षणभर चालविली. कारण पाण्याबाहेर पंखा हलका फिरतो आणि खरा प्रवाह वाहत नाही. मग त्यांनी सांध्याच्या दोन बाजूंना मीटरची टोके लावली. चांगल्या सांध्यावर मीटर जवळजवळ शून्य दाखवितो, येथे ०.४ व्होल्ट दिसले. चाळीस अँपिअरने त्याला गुणले की सोळा वॉट होतात. बोटाच्या पेराएवढ्या जागेत इतकी उष्णता साठली तर आवरण वितळणारच. शिवाय तापलेला सांधा अधिक गंजतो, सैल होतो, आणि त्यामुळे आणखीच तापतो.

मग फ्यूज का उडाला नाही? कारण फ्यूज प्रवाह मोजतो. दूरच्या सांध्याची उष्णता त्याला कळत नाही. बिघडलेला सांधा प्रवाह वाढवीत नाही, उलट किंचित अडवितो. तारेला तार लागून प्रवाह बेसुमार वाढला तर फ्यूजच आपले रक्षण करतो, म्हणून तो बॅटरीच्या धन ध्रुवापासून वीतभर अंतराच्या आत हवाच. पण सैल सांध्यावर त्याचा इलाज नाही. फ्यूज वारंवार उडत असेल तर जाड फ्यूज घालणे हा तर आत्मघातच होय. अशा वेळी पंख्याला शेवाळ किंवा सुतळी गुंडाळली आहे काय, हे आधी पाहावे.

दुरुस्ती साधीच होती. मिस्त्रींनी प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडविले. बारीक तार काढून तिच्या जागी सोळा चौरस मिलिमीटर छेदाची, कल्हई केलेल्या तांब्याच्या बारीक तंतूंची तार घातली आणि मधला सांधा अजिबात ठेवला नाही. टोकांना तांब्याचे लग यंत्राने दाबून बसविले. नुसत्या डाखावर ते विसंबले नाहीत. डाख उष्णतेने मऊ पडतो आणि हादऱ्यांनी त्याच्या कडेला तार तुटते. बॅटरीची टोके खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, वाळवून, काचकागदाने उजळली. लोखंडी वॉशर लग आणि टोक यांच्या मध्ये घातलेला होता, तो काढून नटाखाली घातला. शेवटी नट घट्ट आवळून वरून व्हॅसलिनचा हात दिला.

घरच्या इन्व्हर्टरला आणि बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षालाही हाच नियम लागू आहे. जेथे दाब कमी आणि प्रवाह मोठा, तेथे सांध्याकडे प्रथम पाहावे.

शेजाऱ्यांनी नव्या मोटारीचा बेत सोडून दिला. आता तलावातून परत आल्यावर मोटार बंद करून आजोबा प्रत्येक सांध्याजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहतात, आणि शेजारी उभा राहून नातू विचारतो, "आजोबा, आज कोणता तापला?"