बटणांचा फोन आणि मराठीची एक ओळ

आमच्या किचनर-वॉटर्लू भागातल्या मराठी मंडळींत फोनचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तुमचा तो बटणांचा फोन अजून चालतो का हो?" चालतो. २०१७ साली घेतलेला ब्लॅकबेरी कीवन अजून माझ्या खिशात असतो. वर साडेचार इंचांचा टचस्क्रीन आणि खाली खरीखुरी, दाबली की टिकटिक वाजणारी बटणं. असा फोन आता दहा घरं फिरलात तरी दिसायचा नाही. गेल्या काही महिन्यांत मात्र तीन-चार ओळखीच्यांनी विचारलं, "असा एखादा घ्यावा म्हणतोय, तुमचं मत काय?" म्हणून आमच्या नात्यागोत्यात आणि मित्रमंडळीत ज्यांनी ज्यांनी असे फोन वापरले, त्यांची मतं इथे एकत्र मांडतोय. भारतातल्या घरी रोज चार ओळी लिहिणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही राहतो ते वॉटर्लू म्हणजे या फोनचं माहेरच. माइक लझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी १९८४ साली रिसर्च इन मोशन ही कंपनी इथेच सुरू केली आणि तिनेच पुढे ब्लॅकबेरी काढला. सुरुवातीचे फोन नुसत्या बटणांचे. टचस्क्रीन आणि बटणं दोन्ही असलेला त्यांचा पहिला फोन 'टॉर्च', २०१० सालचा. त्याची बटणं पडद्याखालून सरकून बाहेर यायची. मग २०१४ मध्ये चौकोनी पडद्याचा 'पासपोर्ट' आणि २०१५ मध्ये अँड्रॉइडवर चालणारा 'प्रिव्ह' आला. २०१६ मध्ये कंपनीने स्वतः फोन बनवणं थांबवलं. त्यानंतरचे कीवन आणि की टू चीनच्या टीसीएल कंपनीने ब्लॅकबेरीच्या नावाने बनवले.

आता मतं. पहिलं माझं, आणि ते थंडीचं आहे. जानेवारीत उणे पंधरात बसची वाट बघत उभं राहायचं म्हणजे हातमोजा काढायची सोय नसते. टचस्क्रीनला बोटाचा स्पर्श लागतो. बोट विजेचं वाहक असल्यामुळे काचेला ते कळतं, लोकरीच्या मोज्यातून कळत नाही. बटणाला नुसता दाब पुरतो. पातळ हातमोजे घालून मी बसस्टॉपवर आख्खी ईमेल लिहितो. टोरांटोच्या हिवाळ्यात राहिलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे न बघता लिहिणं. कीवनच्या प्रत्येक बटणाला बारीक उतार दिलेला आहे आणि ओळींच्या मध्ये धातूच्या पट्ट्या आहेत. अंगठ्याला आपण कुठे आहोत ते लगेच कळतं. पेटी वाजवणारा पट्ट्यांकडे बघत बसतो का? तसंच हे. सवय झाली की नजर पडद्यावर, अंगठे आपलं काम करतात. शिवाय स्पेसच्या बटणातच बोटाचा ठसा ओळखायची सोय आहे, आणि बटणांवरून नुसता अंगठा फिरवला की पान वरखाली सरकतं.

ब्रॅम्प्टनला माल-वाहतुकीच्या ऑफिसात डिस्पॅच बघणारा माझा एक मित्र याच्याही पुढचा. त्याला आवडतात शॉर्टकट. सव्वीस अक्षरं, प्रत्येकाला एक थोडा दाब आणि एक लांब दाब, म्हणजे बावन्न कामं बटणांवर बसवता येतात. याने नकाशा, हवामान, तीन ड्रायव्हर, बायको, सगळं बसवलंय. मीही एक शॉर्टकट केलाय. 'ए'चं बटण दाबून धरलं की वाईला आईला फोन लागतो. इथून भारतात हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतात. सकाळी कामावर जाताना तिच्या संध्याकाळच्या चहाच्या वेळी ते एक बटण दाबायचं, हा गेली कित्येक वर्षं माझा नेम आहे.

विरुद्ध मत आमच्याच घरात आहे. इथे जन्मलेला माझा सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्ही व्हिडिओ बघता तेव्हा ही बटणं काय करतात?" काहीच करत नाहीत, नुसती जागा अडवतात! ९ जानेवारी २००७ला आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. प्लॅस्टिकची बटणं गरज असो-नसो तिथेच राहतात, आणि काम बदललं तरी ती बदलत नाहीत. आम्ही बटणवाले तेव्हा हसलो होतो. ज्याला दिवसाला पन्नास ईमेल लिहायच्या आहेत त्याला व्हिडिओचं काय, असं आमचं म्हणणं. मुद्दा मात्र आम्हाला वाटला त्यापेक्षा खोल होता. तो पुरता उलगडला तो मिसिसागाच्या वहिनींमुळे.

या वहिनी लग्नाआधी तालुक्याच्या गावी टायपिंगच्या क्लासला जायच्या. इंग्रजी साठ आणि मराठी चाळीसची परीक्षा पास. ज्यांनी ते क्लास पाहिलेत त्यांना तो एका लयीतला खडखडाट आठवेल. माझा फोन त्यांनी हातात घेतला, दोन ओळी टाइप केल्या आणि खूश झाल्या. म्हणाल्या, "बोटाला काहीतरी लागतंय तरी! काचेवर म्हणजे पाण्यावर टाइप केल्यासारखं वाटतं." मग फोन उलटसुलट करून म्हणाल्या, "पण भाऊजी, आमच्या मराठी मशीनवर अक्षरं मराठी होती. इथे कुठायत?"

नाहीतच ना! बटणांवर छापलीत ती इंग्रजी अक्षरं, आणि एकदा छापली की छापली. देवनागरीला स्वर, व्यंजनं, मात्रा, जोडाक्षरं सगळं हवं. अंगठ्याएवढ्या जागेतल्या तीन-चार ओळींत ते छापून देणारा फोन माझ्या तरी पाहण्यात आला नाही. त्यामुळे बटणांच्या फोनवर आम्ही जे मराठी लिहिलं ते बहुतेक सगळं इंग्रजी अक्षरांत. परदेशातल्या एका आख्ख्या पिढीचा घरच्यांशी झालेला पत्रव्यवहार असा आहे. चालून जायचं, कारण वाचणारा अंदाजाने वाचायचा. इंग्रजी अक्षरांत ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, त आणि ट एकच. 'ताक' आणि 'टाक' सारखंच दिसतं. जेवणाच्या गप्पांत त्याने काही बिघडत नाही.

पण २०१६ साली आमच्या घरात एकदा बिघडता बिघडता राहिलं. माझा मामेभाऊ दुबईला असतो. बटणांच्या फोनचा त्याच्याइतका वेडा माणूस मी पाहिला नाही. २०१० साली ऑगस्टमध्ये अमिरातीच्या सरकारने ब्लॅकबेरीच्या मेसेंजर, ईमेल आणि इंटरनेट सेवा ११ ऑक्टोबरपासून बंद करायचं जाहीर केलं होतं. तेव्हा याची झोप उडाली होती. शेवटी तोडगा निघाला आणि बंदी मागे घेतली गेली. तर असा हा भाऊ. दर दोन वर्षांनी नवा फोन घ्यायचा आणि जुना सुट्टीत कराडला वडिलांना द्यायचा. आपल्याकडे परदेशातल्या मुलांचे जुने फोन आईवडिलांकडे जातात, त्यात नवीन काही नाही. मामालाही बटणं आवडायची. जाड बोटांना काचेपेक्षा ती बरी पडायची. चष्मा शोधत शोधत तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा.

एका दुपारी घरच्या ग्रुपवर मामाचा निरोप आला. इंग्रजी अक्षरांतलं ते वाक्य पुण्याच्या बहिणीने वाचलं आणि दुबईच्या भावानेही वाचलं, "काल आली होती, आज बरी आहे." त्या आठवड्यात धाकट्या बहिणीला ताप होता. ती माहेरी जाऊन आली असणार, असं दोघांनी धरलं. भावाने अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं आणि तो ड्यूटीवर गेला. रात्री मामीचा फोन आला तेव्हा कळलं की मामाने लिहिलं होतं, "कळ आली होती, आज बरी आहे." छातीत कळ. आदल्या रात्री त्याला शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं होतं आणि सकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवलं होतं. मुलांना घाबरवायचं नाही म्हणून जेमतेम एक ओळ टाकलेली. नशीब चांगलं, हृदयाचं काही निघालं नाही. पण के, ए, एल या तीन अक्षरांत 'काल' आणि 'कळ' दोन्ही बसतात, हे त्या रात्री आमच्या सगळ्या घराला कळलं.

यात फोनचा दोष म्हणाल तर काहीच नाही. त्याच्या बटणांवर जे छापलं होतं तेच त्याने लिहून दिलं. पण पुढच्या सुट्टीत भावाने वडिलांना नुसत्या काचेचा, मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला आणि त्यात मराठी कीबोर्ड घालून दिला. सुरुवातीला मामा वैतागला. "याला बोट लावू का नुसतं दाखवू?" असं विचारायचा. २०१७च्या ऑगस्टमध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठी आणली आणि मामाची गाडी सुटली. आता तो फोनशी बोलतो आणि फोन देवनागरीत लिहितो. कधीकधी 'मामीला' चं भलतंच होतं, पण ळ चा ळ राहतो. वडील देवनागरीत लिहायला लागल्यावर मुलानेही स्वतःचा लाडका फोन खणात ठेवला. म्हणाला, "अप्पांनी मराठीत लिहायचं आणि मी त्यांना इंग्रजी अक्षरांत उत्तर द्यायचं, बरं दिसत नाही."

जॉब्स यांचा मुद्दा खोल होता म्हणालो तो यासाठी. काचेवर कुठलंच अक्षर छापलेलं नसतं, म्हणून तिथे कुठलंही अक्षर उमटू शकतं. सकाळी इंग्रजी, दुपारी मराठी, मुलाला हवी तर शाळेतली फ्रेंच. बटणं ज्या भाषेत छापली त्या भाषेत त्यांच्यासारखं सुख नाही, पण दुसऱ्या भाषेला ती जागा देत नाहीत.

मग मी काय करतो? माझ्या फोनमध्ये बटणं चालू असतानाही पडद्यावरचा कीबोर्ड उघडायची सोय आहे. ऑफिसचं सगळं बटणांवर, आईला लिहायचं ते काचेवर. आईला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. पूर्वी माझे निरोप शेजारची मुलगी तिला वाचून दाखवायची, आणि त्यामुळे मीही शेजारच्या मुलीला चालेल एवढंच लिहायचो. देवनागरी सुरू झाली तसं आई स्वतः वाचायला लागली आणि आमच्या लिहिण्यात गुडघेदुखी, भावकी, रुसवे असं सगळं यायला लागलं. अडचण एकच. साडेचार इंचांच्या पडद्यावर कीबोर्ड उघडला की निम्मी जागा जाते, आणि आईने आधी काय लिहिलंय ते दिसायला दोन ओळी उरतात. खाली पस्तीसेक बटणं रिकामी बसलेली असतात ती वेगळीच.

आता ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी. जुना कीवन किंवा की टू स्वस्तात मिळाला तरी विचार करा. दोन्ही अँड्रॉइड ८.१वर थांबलेत. माझ्या बँकेचं ॲप आता त्यावर चालत नाही, पैशाचे व्यवहार मी लॅपटॉपवर करतो. टीसीएलने ब्लॅकबेरीचे फोन विकणं ३१ ऑगस्ट २०२० रोजी थांबवलं, त्यामुळे नवीन मिळणारच नाही. ४ जानेवारी २०२२ला ब्लॅकबेरीच्या स्वतःच्या प्रणालीवरच्या जुन्या फोनच्या सेवा बंद झाल्या, तेव्हा टॉर्च आणि पासपोर्ट हे आता आठवण म्हणूनच ठेवायचे. नव्यात युनिहर्ट्झ कंपनीचे टायटन फोन आहेत, त्यांना बटणं आहेत. २०२४ पासून आयफोनला लावायचं 'क्लिक्स' नावाचं बटणांचं कव्हरही मिळतं. हवं तेव्हा लावा, नको तेव्हा काढा.

दिवसभर इंग्रजीत लिहिणारा, थंडीत बाहेर काम करणारा, न बघता टाइप करायची हौस असणारा, अशा माणसाने बटणांचा फोन जरूर घ्यावा, पस्तावणार नाही. पण ज्याचं निम्मं लिहिणं घरच्यांसाठी असतं त्याने आधी एक छोटी परीक्षा घ्यावी. दुकानात फोन हातात घेऊन, मराठी कीबोर्ड सुरू करून, देवनागरीत एवढंच लिहायचं, "पोळ्या झाल्या का?" त्यात ळ आहे आणि जोडाक्षरही आहे. ती ओळ भारतातल्या घरी सगळ्यात वयस्कर माणसाला पाठवायची. लिहिताना चिडचिड झाली नाही, आणि तिकडून कुणाच्या मदतीशिवाय "कधीच, तू जेवलास का?" असं उत्तर आलं, तर खुशाल पैसे मोजा.