दिव्यांगत्वाचा दाखला आणि करातील सवलत

आपल्या वस्तीतले एक बांधव आगरदांड्याहून रोज फेरीबोटीने दिघीला कामाला जातात. त्यांचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग आहे. तरीही त्यांच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जात होता. महाराष्ट्रात अशा पालकांना हा कर माफ आहे, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. मुलाचा दाखलाही काढलेला नव्हता. म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

आधी दाखला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमियाही त्यात येतात. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरावा. आधार कार्ड, फोटो, सही किंवा अंगठा आणि उपचारांचे कागद जवळ ठेवावेत. रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. तपासणीनंतर दाखला आणि यूडीआयडी कार्ड मिळते. सरकारी अर्जाला फी नाही; कार्ड काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

मग सवलत. दाखल्याची प्रत व अर्ज पगार काढणाऱ्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. स्वतः कायमचे दिव्यांग असलेल्या नोकरदारालाही व्यवसाय कर माफ होतो.

प्राप्तिकर भरणाऱ्यांसाठी वेगळी वजावट आहे. १९६१च्या कायद्यात ती कलम ८०यू (स्वतःसाठी) आणि ८०डीडी (अवलंबून असलेल्या कुटुंबीयासाठी) म्हणून ओळखली जाते. ४० टक्क्यांपासून ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात. मात्र ती जुन्या करपद्धतीतच मिळते. नवीन पद्धत निवडण्यापूर्वी दोन्हींचा हिशेब करून पाहा.

घरात कुणाचाच पगार नसेल, तरी दाखला वाया जात नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज मुरूडच्या तहसील कार्यालयात करता येतो. एसटीच्या भाड्यातही सवलत मिळते.

ज्या घरात अर्ज भरणारे कुणी नाही, तिथे शेजारच्या शिकलेल्या मुलामुलींनी बसून तो भरून द्यावा. दिव्यांग मूल घरात आहे हे लपवू नका. दाखला ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.