हत्यारांची पेटी – भाग ९ : हवेचा हिशेब लिटरात

घाटकोपरला गाडी थांबते. तुम्ही डब्यात दाराशी उभे असता. पंखे, गर्दी, पुढच्या स्टेशनाची सूचना, या सगळ्याच्या खालून तळपायाला एक धडधड जाणवायला लागते. थोडा वेळ चालते आणि आपोआप थांबते. वर्षानुवर्षं ऐकूनही तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. लोकलच्या ब्रेकना हवा लागते. ती डब्याखालच्या टाक्यांत दाबून भरलेली असते. ब्रेक लावून लावून दाब उतरला की कॉम्प्रेसर सुरू होतो आणि दाब पुरेसा झाला की स्विच त्याला थांबवतो. मोटर, टाकी आणि दोघांच्या मध्ये तो स्विच. पंक्चरवाल्याकडचं धूड असो की तुमच्या गॅलरीत मावणारं मशीन, मांडणी तीच.

सँडरवरच्या लेखानंतर अनेकांनी एकच प्रश्न पाठवला : घरासाठी छोटा कॉम्प्रेसर घ्यायचाय, कुठला घेऊ? बहुतेकांनी सोबत जाहिरातींचे फोटो जोडले होते आणि त्यांतल्या एचपी नाहीतर पीएसआयच्या आकड्याभोवती गोल केला होता. चूक तिथेच होते. मीही ती केलेली आहे, पदरचे पैसे घालून.

काही वर्षांपूर्वी कपाटाच्या दारांना घरीच स्प्रेने लॅकर मारायचं माझ्या डोक्यात शिरलं. मशीदबंदरला उतरलो, नागदेवी गल्लीत गेलो आणि एका दुकानातून एक एचपीचा, २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर घेऊन आलो. “दीडशे लिटरचा माल आहे, गाडी रंगवाल गाडी,” दुकानदार म्हणाला. अंधेरीतली आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. वीसेक किलोचा ऐवज तीन मजले चढवला, गॅलरीत दार आडवं टाकलं आणि गन दाबली. काय सुरेख फवारा! पाऊणएक मिनिट. मग गन थुंकायला लागली. गुळगुळीत थराच्या जागी टपोरे ठिपके. थांबलो, टाकी भरू दिली, पुन्हा दाबली, पुन्हा तेच. मशीन बिघडलेलं नव्हतं. हिशेब बिघडला होता.

तो हिशेब समजायला आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. पंप मिनिटाला अमुक इतकं पाणी वर चढवतो. सकाळी सात वाजता सगळ्या घरांतले नळ उघडले आणि पंपाच्या चढवण्यापेक्षा उपसा जास्त झाला, की टाकी थोडा वेळ सांभाळून घेते आणि मग चौथ्या मजल्यावर बोंब होते. टाकी मोठी असली तर बोंब उशिरा होते, एवढंच. हवेचं अगदी तसंच आहे. मिनिटाला किती लिटर हवा तयार होते आणि तुमचं हत्यार मिनिटाला किती लिटर खातं, या दोन आकड्यांवर सगळं ठरतं. काही डब्यांवर हा आकडा सीएफएममध्ये असतो, म्हणजे मिनिटाला घनफूट. एक सीएफएम म्हणजे सुमारे २८ लिटर.

आता माझ्या लॅकरचा ताळेबंद पाहा. माझ्या गनची भूक मिनिटाला अडीचशे लिटरच्या घरात. मशीनवर छापलेले १५० लिटर म्हणजे पिस्टन आपल्या हालचालीत जेवढी जागा झाडतो तेवढे. प्रत्यक्षात दाबाविरुद्ध ढकलून टाकीत पोचतात ते त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, धरा ९०. म्हणजे दर मिनिटाला १६० लिटरचा खड्डा. टाकीतला दाब ८ बारवरून ३ बारवर येईपर्यंत तिच्यातून २४ गुणिले ५, म्हणजे १२० लिटर हवा निघते. १२० ला १६० ने भागा : ४५ सेकंद. पाऊण मिनिट! पुन्हा भरायला सव्वा मिनिटाच्या वर. हे गणित सहावीतला मुलगाही करेल. मी दुकानात उभा राहून केलं नाही.

पीएसआयच्या आकड्याची गंमत तर आणखी वेगळी. गाडीच्या लायटर सॉकेटला लावायचा मुठीएवढा टायर इन्फ्लेटर दोनेक हजारांत मिळतो. त्याच्या खोक्यावर १५० पीएसआय असं ठळक छापलेलं असतं. माझ्या वीस किलोच्या मशीनवर फक्त ११६, कारण ८ बार म्हणजे ११६ पीएसआय. मग इन्फ्लेटर जास्त ताकदवान का? सायकलच्या हातपंपानेही शंभर पीएसआय गाठता येतो, पण त्याने कपाट रंगवता येत नाही. आणि घरात एवढा दाब लागतो तरी कुठे? गाडीच्या चाकात ३० ते ३५, रंगाच्या गनला ३० ते ४५, सुताराच्या खिळ्यांच्या गनला ७० ते १००. ही मर्यादा जवळजवळ प्रत्येक मशीन ओलांडतं, म्हणून निवडीच्या वेळी तो आकडा वाचलाच नाही तरी चालेल.

तेव्हा आधी काम ठरवा.

फक्त चाकांत हवा भरायची असेल तर कॉम्प्रेसर घेऊ नका. पेट्रोल पंपावर ती फुकट मिळते. पहाटे गावाला निघताना चाक बसलेलं सापडण्याची धास्ती असेल तर तो लायटरवरचा किंवा चार्जिंगचा इन्फ्लेटर डिकीत टाका. एका चाकाला चार-पाच मिनिटं घेईल, दहाएक मिनिटांनी तापेल, त्याला गार होऊ द्या. त्याला टाकी नसते, त्यामुळे त्याच्याकडून दुसऱ्या कुठल्याही कामाची अपेक्षा धरू नये.

सुतारकामाची हौस असेल तर मात्र २४ लिटरचं मशीन अगदी मापाचं. आपल्याकडे फ्लॅटचं काम चालू असतं तेव्हा मिस्त्री हेच घेऊन येतात. ‘टक्’ आवाज आणि प्लायच्या पट्टीत बारीक खिळा डोक्यासकट गडप. एका खिळ्याला साधारण लिटरभर हवा पुरते. मिनिटाला वीस खिळे मारले तरी वीस लिटर, मशीन निवांत. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून घरच्या मखरासाठी लोक पुन्हा प्लाय, पुठ्ठा आणि लाकडी पट्ट्यांकडे वळले. त्यांच्यासाठी ही गन म्हणजे हातोडीने अंगठा ठेचून घेण्यापासून सुटका.

मखराचा विषय निघालाच आहे तर मूर्तीचंही सांगतो. घरी शाडूची मूर्ती करणारे काही वाचक आहेत. त्यांना मोठं मशीन मुळीच नको. एअरब्रशला मिनिटाला दहा-वीस लिटर हवा आणि वीस-पंचवीस पीएसआय दाब पुष्कळ झाला. त्यासाठी तीन लिटरच्या टाकीचे, पाव एचपीपेक्षाही कमी ताकदीचे छोटे कॉम्प्रेसर वेगळे मिळतात, ते टेबलावर मावतात आणि आवाजही बेताचा करतात. टाकी नसलेले स्वस्त मिळतात, पण त्यांत हवा पिस्टनच्या ठोक्याबरोबर हिंदकळते आणि सोंडेवरची छटा पट्ट्यापट्ट्यांची येते. मूर्तिकारांच्या कारखान्यांतही अंगाचा रंग गनने मारतात. डोळ्यांची आखणी अजून हातानेच, ब्रशने होते.

आणि कपाटं, दारं, खुर्च्या स्प्रेने रंगवायच्या असतील तर? त्याला दोन-तीन एचपीचं, पट्ट्यावर चालणारं, शंभर लिटरच्या आसपास टाकीचं मशीन लागतं, आणि ते वन बीएचकेमध्ये ठेवायचं म्हणजे एका माणसाला बाहेर काढावं लागेल. वर्षातून एकदा करायच्या कामासाठी रंगारी बोलवा. किंवा टर्बाइनवाली इलेक्ट्रिक गन पाहा, तिला कॉम्प्रेसर लागतच नाही.

आता पाण्याविषयी. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याने हा भाग चुकवू नये. कॉम्प्रेसर हवा दाबतो, पण हवेतली वाफ त्या प्रमाणात दबून राहत नाही, तिचं पाणी होतं. जुलैतली बोरिवलीची हवा घ्या, तीस अंश आणि ८५ टक्के दमटपणा. अशा एक हजार लिटर हवेत २५-२६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. २४ लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरायला सुमारे दोनशे लिटर हवा आत जाते. ती गार झाली की जवळजवळ पाच ग्रॅम पाणी तळाशी बसतं, म्हणजे एक चहाचा चमचा. दिवसभर काम करून टाकी वीसेक वेळा भरली तर कटिंगचा ग्लास भरेल. टाकीच्या पोटाखाली एक कॉक असतो. काम संपल्यावर टाकीत थोडा दाब असतानाच मशीन जरा कलतं करून तो उघडायचा. पहिल्या वर्षी पाणी स्वच्छ येतं. मी एका पावसाळ्यात हे विसरलो. गणपतीच्या आधी कॉक उघडला तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि त्यात गंजाचे पापुद्रे. टाकी आतून खायला लागली होती. दाबाखालची टाकी अशी पातळ होत गेली तर एक दिवस फुटू शकते. तिला वेल्डिंगचं ठिगळ लावायचं नसतं. टाकी बदलायची. कुर्ल्याच्या भंगारातून जुनी टाकी आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर आणून घरी जुगाड करणारे हुशार लोक मला भेटले आहेत. त्यांची हुशारी मान्य, सल्ला मात्र अमान्य.

हेच पाणी नळीतून गनमध्ये गेलं की रंगात फोड येतात. म्हणून रंगासाठी गनच्या अलीकडे पाणी अडवणारा फिल्टर बसवा. दमट दिवशी लॅकर मारलंत तर फिल्टर असूनही ते पांढुरकं पडेल, कारण तो दमटपणा टाकीतला नसतो, तो गॅलरीतल्या हवेतला असतो. रंगकाम नवरात्रानंतर काढावं हे बरं.

ऑइलवालं की ऑइल-फ्री? घरासाठी ऑइल-फ्री. त्यात पिस्टनची रिंग टेफ्लॉनची असते, तेल घालण्याची भानगड नाही, वजन कमी, आडवं करून गाडीत टाकता येतं. झीज लवकर होते हे खरं, पण महिन्यातून दोन रविवार वापरणाऱ्याने त्याची काळजी करू नये. तेलवाल्या मशीनच्या हवेत तेलाचा अंश उतरतो आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पाडतो. दिवसभर चालवायचं असेल तरच तेलवालं.

दुकानात सहसा कुणी विचारत नाही तो प्रश्न म्हणजे मोटर किती आरपीएमची. २८०० ची मोटर गरगरते आणि किंचाळते. १४०० ची तेवढीच हवा देण्यासाठी सहसा दोन पिस्टन वापरते, महाग असते, पण समोर उभं राहून बोलता येतं. डेसिबलच्या मोजमापात ८० म्हणजे ७० पेक्षा दहापट ध्वनिऊर्जा, आणि कानाला साधारण दुप्पट आवाज. निवासी भागासाठी २००० सालच्या नियमांत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. तेवढ्यात बसणारं मशीन या वर्गात शोधत बसू नका, दुपारच्या झोपेची वेळ तेवढी सांभाळा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा वर येऊन शांतपणे विचारलं होतं, “अहो, गिरणी टाकलीत का?” त्या दिवसापासून मशीनखाली जाड रबराची चटई असते.

विजेचं थोडक्यात. बिल मुलुंडात महावितरणचं येवो की अंधेरीत अदानीचं, एक एचपीची मोटर चालताना चार-पाच अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. म्हणून ती १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच लावावी. बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेन्शन लावलं की व्होल्टेज पडतं, मोटर नुसती घुमते, फिरत नाही आणि जळते. काम लांब असेल तर वायर लांबवू नका, हवेची नळी लांबवा. आणि काम झाल्यावर कपड्यांवरचा भुसा झटकायला ती हवा अंगावर सोडू नका. कातडीतून आत गेलेली दाबाखालची हवा जीव घेऊ शकते. मुलांना तर गनला हातही लावू देऊ नका.

खरेदीला जाल तेव्हा खोकं न उघडता घरी आणू नका. दुकानात मशीन लावायला सांगा. टाकी रिकामी करून, कॉक बंद करून मोबाइलवर वेळ लावा. २४ लिटरची टाकी शून्यापासून ८ बारपर्यंत म्हणजे २४ गुणिले ८, १९२ लिटर हवा. दोन मिनिटांत भरली तर मशीन मिनिटाला सरासरी ९६ लिटर देतंय. तीन मिनिटं लागली तर ६४, मग खोक्यावर दीडशे छापलेलं असो की दोनशे. त्यानंतर मशीन बंद करून दहा मिनिटं गेजकडे पाहत उभे राहा. आतली हवा गार होते तसा काटा थोडा उतरतो, त्याची चिंता नको. तो उतरतच राहिला तर कुठेतरी गळती आहे, सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतील.

दुकानदार एवढं करून द्यायला कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा. नागदेवी गल्लीत दुकानांना तोटा नाही. फक्त रविवारी जाऊ नका, बहुतेक बंद असतात.