वेस्टा लघुग्रहाच्या पृष्ठभागाचे खनिज मानचित्रण : जुन्नर-आंबेगावच्या कातळाच्या संदर्भात

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेले आहेत. शिवनेरीचा कडा, लेण्याद्रीची लेणी आणि डिंभे धरणाभोवतीचे डोंगर हे सर्व सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून घडले आहेत. मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यान फिरणाऱ्या वेस्टा या लघुग्रहाचे कवचही बेसाल्टचेच आहे. मात्र त्याचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे आहे. तेथून कोणत्याही यानाने खडक आणलेला नाही. तरीही तेथील खनिजांचा नकाशा तयार झाला. तो कसा तयार झाला आणि त्यावर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वेस्टा आणि डॉन यान :

वेस्टाचा शोध हाइनरिख ओल्बर्स यांनी २९ मार्च १८०७ रोजी लावला. त्याचा सरासरी व्यास सुमारे ५२५ किलोमीटर आहे. नासाने २७ सप्टेंबर २००७ रोजी सोडलेले डॉन यान जुलै २०११ ते सप्टेंबर २०१२ या काळात वेस्टाभोवती फिरले. त्यानंतर ते सेरेसकडे गेले व २०१८ मध्ये ही मोहीम संपली. यानावर जर्मनीचा कॅमेरा, इटलीचा वर्णपटमापक आणि अमेरिकेचा गॅमा किरण व न्यूट्रॉन शोधक अशी तीन उपकरणे होती.

प्रकाशाची साक्ष :

खडकावर पडलेला सूर्यप्रकाश परावर्तित होताना त्यातील काही तरंगलांबी खनिजे शोषून घेतात. लोहयुक्त पायरोक्झिनमुळे सुमारे ०.९ व १.९ मायक्रोमीटरजवळ दोन शोषणपट्टे उमटतात. मॅग्नेशियम अधिक असल्यास हे पट्टे कमी तरंगलांबीकडे, तर लोह व कॅल्शियम अधिक असल्यास जास्त तरंगलांबीकडे सरकतात. ऑलिव्हिनचा मात्र १ मायक्रोमीटरच्या आसपास एकच रुंद पट्टा असतो. २ मायक्रोमीटरजवळ त्याचा पट्टा नसतो. डॉनच्या वर्णपटमापकाने प्रत्येक बिंदूवरून ०.२५ ते ५.१ मायक्रोमीटरपर्यंतचा प्रकाश नोंदवला. पट्ट्यांची जागा व खोली मोजून प्रत्येक बिंदूस खनिजांची ओळख देणे, हेच खनिज मानचित्रण होय.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण अवकाशयानाचा संदेश टिपू शकते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या श्यापारेल्ली यानाचा संदेश तिने टिपला होता. परंतु खनिजांची ही लिपी दृश्य व अवरक्त प्रकाशातच वाचता येते. मीटरलांबीच्या तरंगांत ती नसते.

पृष्ठभागाची मर्यादा :

आपल्या भागातील उघडा कातळ ऊन, पाऊस व हवेने बदलतो. त्यावर लोहाच्या ऑक्साइडची तांबूस पुटे चढतात. म्हणून मूळ खनिजे पाहण्यास तो फोडावा लागतो. वेस्टावर हवा-पाऊस नाही. तेथे आघातांनी खडकाचा चुरा होतो आणि बाहेरून आलेले कार्बनयुक्त काळे द्रव्य त्यात मिसळते. प्रकाश केवळ अगदी वरच्या थराचीच माहिती देतो. गॅमा किरण व न्यूट्रॉन शोधकाने काही डेसिमीटर खोलीपर्यंतची मूलद्रव्ये तपासली. त्यात आढळलेले लोह व ऑक्सिजन, तसेच लोह व सिलिकॉन यांचे प्रमाण हॉवर्डाइट, युक्राइट व डायोजेनाइट या अशनींशी जुळले.

अपेक्षाभंग आणि त्याचा अर्थ :

दक्षिण ध्रुवाजवळील ऱ्हेआसिल्व्हिया हे सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे विवर अतिशय खोल आहे. आघाताने प्रावरणापर्यंतचा खडक उघडा पडला असेल व तेथे ऑलिव्हिन विपुल असेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथे डायोजेनाइटसदृश पायरोक्झिन आढळले. ऑलिव्हिन मात्र २०१३ मध्ये उत्तर गोलार्धातील अरुंतिया व बेलिसिया या विवरांजवळ ओळखले गेले. त्यामुळे वेस्टाच्या अंतर्रचनेच्या सरळ प्रतिमेचा फेरविचार करावा लागला.

अशनींचा आधार :

वर्णपट ताडून पाहण्यासाठी प्रयोगशाळेत नमुना हवा. २० जून १९९६ रोजी राजस्थानात पिपलिया कलान येथे पडलेली अशनी युक्राइट वर्गातील आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील जी. श्रीनिवासन, जे. एन. गोस्वामी व एन. भंडारी यांनी १९९९ मध्ये तिच्यात ॲल्युमिनियम-२६ च्या क्षयाची खूण दाखवली. या अल्पायुषी समस्थानिकाच्या उष्णतेने वेस्टासारखे लहान पिंड वितळून त्यांत गाभा व कवच वेगळे झाले, या विचारास त्यामुळे बळ मिळाले.

निष्कर्ष :

१. खनिज नकाशा हे छायाचित्र नसून प्रकाशावरून काढलेले अनुमान आहे.

२. हातातील खडकाशी तुलना केल्याखेरीज हे अनुमान विश्वासार्ह ठरत नाही.

३. दख्खनचा बेसाल्ट वेस्टाची प्रतिकृती नाही. वेस्टाच्या बेसाल्टमध्ये सोडियम अत्यल्प आहे. तथापि पायरोक्झिन व प्लॅजिओक्लेज ही प्रमुख खनिजे दोहोंत आहेत. म्हणून ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ग्रहविज्ञानाचा पहिला धडा आपल्या खाणीतील ताज्या फोडलेल्या दगडापासूनच देता येईल.