विश्लेषण : पाण्यात फुगणारा जेल मिश्रणात का आकसतो?

डायपरमधील पांढरी भुकटी, शेतात टाकले जाणारे हायड्रोजेल आणि फुलदाणीत शोभेला ठेवतात ते रंगीत मणी ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. शुद्ध पाणी मिळाले की ती स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिऊ शकतात. मात्र पाण्यात दुसरे काही मिसळले की हिशेब बदलतो, कधी कधी उलटाही होतो.

जेल फुगतो म्हणजे काय?

पॉलिमर म्हणजे रेणूंची लांबलचक साखळी. अशा साखळ्या जागोजागी गाठींनी जोडल्या की जाळे तयार होते. गाठी नसत्या तर साखळ्या द्रवात विरघळून गेल्या असत्या. गाठी असल्याने त्या फक्त ताणल्या जातात. साखळ्यांना मानवणारा द्रव आत शिरतो, तर जाळे रबरासारखे मागे खेचते. ही रस्सीखेच बरोबरीत सुटते तिथे फुगणे थांबते. पॉल फ्लोरी आणि जॉन रेह्नर यांनी १९४३ मध्ये हे गणितात मांडले. फ्लोरी यांना पुढे १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

ॲसिटोनच्या प्रयोगात काय आढळले?

पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलला पाणी मानवते, ॲसिटोन मानवत नाही. तेव्हा पाण्यात ॲसिटोन वाढवत नेले की जेल हळूहळू आकसेल, ही साधी अपेक्षा. पण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील तोयोइची तनाका यांना १९७८ मध्ये वेगळेच दिसले. काही जेल ठरावीक प्रमाणापर्यंत फुगलेले राहिले आणि ॲसिटोन किंचित वाढताच एकदम कोसळले. पाण्याची वाफ व्हावी, तसा हा अवस्थाबदल होता. गंमत म्हणजे ताज्या जेलमध्ये ही उडी दिसत नव्हती. लोणच्यासारखे ते मुरावे लागत होते. कारण १९८० मध्ये स्पष्ट झाले. मुरताना साखळ्यांवर थोडा विद्युतभार तयार होतो आणि उडी त्यामुळे पडते.

दोन चांगले मिळून वाईट कसे?

खरे कोडे पुढेच आहे. ‘पीनिपाम’ या नावाने ओळखला जाणारा पॉलिमर खोलीच्या तापमानाला थंड पाण्यात फुगतो. शुद्ध मिथेनॉलमध्येही फुगतो. पण पाण्यात थोडे मिथेनॉल घातले की तो आकसतो आणि मिथेनॉल आणखी वाढवले की पुन्हा फुगतो! नुसत्या पाण्यात हा जेल साधारण ३२ अंश सेल्सिअसला आकसतो. मिश्रणात हा उंबरठा शून्याच्याही खाली घसरू शकतो.

असे का? एक मत असे की पाणी आणि मिथेनॉल एकमेकांतच इतके गुंततात की साखळीकडे दुर्लक्ष होते. दुसरे मत सांगते की मिथेनॉलचे रेणू साखळीला चिकटतात आणि तिचेच दोन भाग एकमेकांशी सांधतात. आणखीही स्पष्टीकरणे आहेत आणि वाद मिटलेला नाही. दिसायला इतका सोपा प्रयोग अजून निकाली निघू नये, याचे नवल वाटते.

शेतकऱ्याला याचे काय?

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने कोरडवाहू शेतीसाठी ‘पुसा हायड्रोजेल’ विकसित केले. बाजारात इतरही उत्पादने आहेत. पाकिटावरचा ‘इतके पट पाणी’ हा आकडा बहुधा शुद्ध पाण्यातला असतो. बोअरचे पाणी मात्र क्षारयुक्त, त्यात विरघळलेले खतही असते. भारित साखळ्यांचे जेल फुगतात ते मुख्यतः आतल्या आयनांच्या दाबामुळे. बाहेरच क्षार आले की तो दाब उतरतो. कॅल्शियम तर दोन साखळ्यांना आपणहून जखडते. पैसे घालण्यापूर्वी एक चाचणी घरीच करता येते. दोन भांड्यांत एकेक ग्रॅम जेल घ्यावे. एकात बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात आपल्या विहिरीचे पाणी ओतावे आणि दुसऱ्या दिवशी गाळून दोन्ही तोलावे. खडे मोठे असतील तर घाई करू नये. आकार दुप्पट झाला की फुगायला सुमारे चौपट वेळ लागतो.

घरात धोका कोणता?

रंगीत मणी कोरडे असताना साबुदाण्याएवढे असतात. लहान मूल ते गोळी समजून गिळू शकते. पोटात ते फुगून आतडे अडू शकते आणि साध्या एक्स-रेमध्ये ते अनेकदा दिसतही नाहीत. मिठाने जेल आकसतो हे वाचून कुणी मुलाला मिठाचे पाणी पाजेल. तसे मुळीच करू नये, ते जिवावर बेतू शकते. मणी गिळल्याची नुसती शंका आली तरी तातडीने रुग्णालय गाठावे आणि जमल्यास त्याच पाकिटातला एक कोरडा मणी डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावा.