१८० अंशांवरचे पाणी

वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात शिरते, थंड होऊन घट्ट होते आणि वस्तू तयार होते. मग साचा जितका गार तितके काम झटपट, असे कोणालाही वाटेल. बादल्या आणि मगांच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे. पण पॉलिकार्बोनेटच्या भिंगासाठी साचा ८० ते १२० अंश सेल्सिअसवर ठेवावा लागतो, आणि ‘पीक’ नावाच्या चिवट प्लास्टिकसाठी तर १८० अंशांच्या आसपास. साचा गार असला, तर तो पुरता भरण्याआधीच प्लास्टिकचा बाहेरचा थर गोठतो आणि वस्तूत ताण अडकून राहतात.

साच्यातील नळ्यांमधून गरम तेल खेळवता येते. मात्र तेलाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या साधारण निम्मी, उष्णतावहन त्याहूनही कमी, आणि गळती झाली तर आगीचे भय. पाणी सरस खरे, पण ते १०० अंशांना उकळते!

अर्थात, ते उकळते वातावरणाच्या दाबाला. कुकरमध्ये दाब सुमारे दुप्पट होतो, म्हणून तेथे पाणी १२० अंशांपर्यंत तापते. पुढे दाब भराभर चढतो: १४० अंशांना ३.६ बार, १६० ला ६.२, तर १८० ला १० बार. (दाबमापक यापेक्षा एक बार कमी दाखवतो, तो बाहेरचा दाब शून्य धरतो.) वर्गात याची उलट बाजू दाखवता येते. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ७० अंशांचे थोडे पाणी घ्या, तोंड बंद करून दट्ट्या ओढा. दाब घटताच पाणी उकळू लागेल.

या प्रयोगातच कारखान्यातला धोका दडलेला आहे. १८० अंशांच्या पाण्याची नळी फुटली, की दाब एकदम एक बारवर येतो. आता १०० अंशांवरची उष्णता पाण्यात मावत नाही. दर किलोमागे ही उष्णता सुमारे ३४५ किलोज्यूल भरते. एक किलो पाण्याची वाफ करायला २,२५७ लागतात. म्हणजे जवळजवळ १५ टक्के पाण्याची क्षणात वाफ होते. एका किलोतून दीडशे ग्रॅम वाफ, आणि तिचा आकार अडीचशे लिटर! नुसत्या गरम पाण्याची चूळ अंगावर येणे वेगळे आणि हे वेगळे.

म्हणून रचना करताना दाब उकळबिंदूच्या दाबापेक्षा थोडा वरच ठेवतात, आणि तोही पंपाच्या शोषणाच्या बाजूला मोजतात. कारण तेथे दाब सर्वांत कमी असतो व वाफेचे बुडबुडे पंप खाऊन टाकतात. दाब किंवा प्रवाह घटला, तर हीटर आपोआप बंद व्हायला हवा. तापमान राखणाऱ्या नियंत्रकावर विसंबून न राहणारा दुसरा, स्वतंत्र कट-आउटही हवा. गार असताना १०० लिटर भरलेले पाणी १८० अंशांना सुमारे ११२ लिटर होते. त्याला जागा देण्यासाठी टाकीत नायट्रोजनची गादी ठेवतात. हवा नको, तिच्यातील ऑक्सिजन पाण्यात विरघळून पोलाद गंजवतो.

सेफ्टी व्हॉल्व्हचे काम कुकरमध्ये आपण जाणतोच. येथे त्याच्या आणि टाकीच्या मध्ये कोणताही कॉक बसवायचा नाही, आणि त्याचे तोंड माणसांच्या वाटेपासून दूर वळवायचे.

एक जागा मात्र हमखास नजरेतून सुटते. साचा बदलण्यासाठी दोन्ही बाजूंचे कॉक बंद केले, की साच्यातले पाणी कोंडले जाते. ते द्रव आहे, दाबले जात नाही. पूर्ण ताठ भांड्यात १०० अंशांच्या आसपास ते एकेका अंशाने तापले, तरी दाब दहा बारहून अधिक वाढतो, आणि मुख्य टाकीवरचा व्हॉल्व्ह या तुकड्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून साच्याच्या बाजूला वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो. साचा सोडवताना आधी पाणी फिरते ठेवून ते ६० अंशांखाली गार करतात, मग दाब सोडतात, आणि नंतरच पाना हातात घेतात.