तारीख एक, साले अनेक

पंधरा ऑगस्ट म्हटले की आपल्याला झेंडा आठवतो. मुलांची प्रभातफेरी आठवते. या दिवशी आपला देश स्वतंत्र झाला, हे लहान पोरदेखील सांगते. पण ही तारीख दर वर्षी येते. निरनिराळ्या सालांत १५ ऑगस्टला काय काय घडले, ते आपण पाहू.

साल १९४२. 'चले जाव' अशी हाक देशाने इंग्रजांना दिली. ९ ऑगस्टला सरकारने गांधीजींना पकडले आणि पुण्याच्या आगाखान महालात ठेवले. त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई हेही तेथेच कैदेत होते. सहा दिवस गेले. १५ ऑगस्टला महादेवभाईंचे हृदय एकाएकी बंद पडले. त्यांची समाधी महालाच्या आवारातच आहे. स्वराज्य आले ते बरोबर पाच वर्षांनी. ते पाहायला महादेवभाई राहिले नाहीत.

साल १९४५. दुसरे महायुद्ध चालू होते. अमेरिकेने जपानच्या हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबाँब टाकले. १५ ऑगस्टला जपानचा बादशहा रेडिओवर बोलला. जपान हार मानत आहे, हे लोकांना त्या दिवशी कळले. बादशहाचा आवाजही त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

साल १९४७. जून १९४८ पर्यंत आम्ही जाऊ, असे इंग्रज आधी म्हणत होते. मग माउंटबॅटनसाहेब व्हाइसरॉय होऊन आले. त्यांनी दिवस अलीकडे आणला. पण १५ ऑगस्टच का? तर जपानशी झालेल्या लढाईत ते मोठे सेनापती होते. जपान शरण आला, त्याला त्या दिवशी दोन वर्षे पुरी होत होती. म्हणून त्यांनी हीच तारीख धरली. म्हणजे पाहा, महादेवभाई गेले ती तारीख योगायोगाने आली. ही तारीख मात्र माणसाने ठरवून घेतली.

साल १९५५. देश स्वतंत्र झाला होता, पण गोव्यावर अजून पोर्तुगीजांचे राज्य होते. स्वातंत्र्याचा दिवस मुद्दाम धरून हजारो सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. कोणाच्या हाती साधी काठीसुद्धा नव्हती. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून जास्त माणसे ठार झाली. पुढे १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला.

साल १९७२. या १५ ऑगस्टला टपालाचा पिन क्रमांक सुरू झाला. आपल्याकडे एका नावाची गावे फार. वडगाव म्हटले तर कोणते वडगाव? कागद भलत्याच गावी जायचा. म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने सहा आकड्यांची ही युक्ती काढली. पहिल्या आकड्यावरून मुलूख कळतो. महाराष्ट्राचा आणि गोव्याचा पहिला आकडा ४ आहे. शेवटच्या तीन आकड्यांवरून टपाल कचेरी कळते.

आता यातून आपण काय घ्यायचे? एका नावाची गावे पुष्कळ, पण पिन लिहिला की गाव पक्के होते. तसेच एका तारखेचे दिवस पुष्कळ, पण साल लिहिले की दिवस पक्का होतो. नुसते १५ ऑगस्ट म्हटले तर मरणाचा दिवस की आनंदाचा, हेही कळत नाही.

आपल्या घरच्या कागदांचेही असेच आहे. कर्ज फेडल्याची पावती घेतली, तिच्यावर तारीख आहे पण साल नाही. पुढे तंटा झाला तर ती पावती कोणत्या सालची, हे कसे दाखवणार? पैसे भरूनही खोटे ठरण्याची पाळी येते. जमिनीचा कागद असो की मुलाच्या जन्माची नोंद असो, साल आहे की नाही ते आधी वाचून पाहावे.

आता आपल्याला वाचता येते, सही करता येते. सही केली की खाली तारीख घालावी आणि तारखेपुढे साल घालायला विसरू नये.